गणपतीतला लोड राज्याच्या वीज-अंदाजात कुठे दिसतो? हरकत नेमकी कशावर घ्यायची?

सडा_आणि_समुद्र

नमस्कार मंडळी,

वितरण कंपनीने वीज नियामक आयोगाकडे केलेल्या बहुवार्षिक वीजदर याचिकेतलं मागणीच्या अंदाजाचं प्रकरण आणि रिसोर्स अ‍ॅडिक्वसी आराखडा (पुढची मागणी भागवायला पुरेशी वीज आहे का, याचा आराखडा) वाचते आहे. ग्रामपंचायतीतर्फे आणि घरगुती पर्यटनवाल्यांतर्फे हरकत द्यायची आहे. त्याआधी तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

परिस्थिती अशी. दापोली-गुहागर पट्ट्यातलं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र, ५ एमव्हीएचं (हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं एकक) एकच पॉवर ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीच्या तीन वाहिन्या (फीडर). लॉगशीटमधले आकडे: जून-जुलैत रात्रीही ८० अँपिअरच्या वर जात नाही, एरवी संध्याकाळी ११० ते १२०, मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात २१० पर्यंत, आणि गणपतीचे पाच दिवस संध्याकाळी साडेसात-आठला २५५ ते २६०. वर्षाची सरासरी ९० च्या आसपास. याचिकेत मात्र सगळे आकडे राज्यभराचे आणि वर्गवारीनुसार आहेत: घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, कृषी. जिल्हा नाही.

१) हा अंदाज तपासायची जबाबदारी कायद्याने कोणाची?
२) ‘कोकणची कमाल मागणी धरलेलीच नाही’ ही हरकत टिकेल का?
३) सोबत कोणते कागद जोडले म्हणजे कोणी उडवून लावणार नाही?

कोयना प्रकल्पाचं पोफळीचं वीजघर एवढं जवळ असताना आमच्याकडे सणात लाईट जाते, हा मुद्दा ग्रामसभेत प्रत्येक वेळी निघतो. तो हरकतीत घालावा की नको?

---

लोडफॅक्टर

ताई, प्रश्न दोनच्या उत्तरापासून सुरू करतो. ती हरकत तशीच दिलीत तर टिकणार नाही. त्याचं कारण समजलं की बाकीचं आपोआप उलगडेल.

विजेचं नियोजन म्हणजे दोन वेगळी कामं. पहिलं, संपूर्ण राज्याला दर तासाला किती मेगावॅट लागतील आणि ते कुठून विकत घ्यायचे. दुसरं, ती वीज तुमच्या गावापर्यंत आणायला किती एमव्हीएची तार आणि ट्रान्सफॉर्मर लागतील. याचिकेतला अंदाज पहिल्या कामासाठी आहे. राज्याची कमाल मागणी येते उन्हाळ्याच्या तोंडाला, शेतीपंप आणि उद्योग एकत्र चालतात तेव्हा. गणपतीत मोठ्या भागात पाऊस असतो, पंप बंद असतात, राज्याची मागणी उतरलेली असते. तुमचे साडेचार मेगावॅट (२६० अँपिअरचा भार साधारण एवढाच) त्या वेळी राज्याच्या दृष्टीने अडचणीचे नाहीतच. वीज आहे, ती पोचवायला जागा नाही.

तुमचेच आकडे घ्या. ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह येतो २६२ अँपिअर. म्हणजे २६० ला तो काठोकाठ भरलेला आहे. आणि सरासरी ९० म्हणजे लोड फॅक्टर (सरासरी भार भागिले कमाल भार) ३५ टक्क्यांच्या आसपास. तुमची खरी गोष्ट या दोन आकड्यांत आहे, राज्याच्या तक्त्यात नाही.

आता जबाबदारी. वीज अधिनियम २००३ च्या कलम ८६(१)(ख) नुसार वितरण कंपनीची वीजखरेदी आणि तिचे करार यांवर राज्य आयोगाचं नियंत्रण आहे. किती वीज लागणार हे मान्य झाल्याशिवाय किती घ्यायची हे ठरत नाही, म्हणून अंदाज तपासणं त्यातच आलं. कलम ६४ खाली अर्ज संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करावा लागतो आणि आलेल्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. त्याखेरीज २०२२ च्या अखेरीस केंद्राने नियमांत रिसोर्स अ‍ॅडिक्वसीचा नियम घातला, जून २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०२४ मध्ये आपल्या आयोगाने स्वतःचे विनियम केले. पडताळ्यासाठी केंद्रीय वीज प्राधिकरणाचं विसावं विद्युत शक्ती सर्वेक्षण पाहा, नोव्हेंबर २०२२ चं. त्यात राज्यवार ऊर्जेची आणि कमाल मागणीची वर्षवार अनुमानं आहेत. याचिकेतला त्याच वर्षाचा आकडा शेजारी मांडा. मोठा फरक असेल तर ‘हा फरक का’ एवढा एक प्रश्नही वजनदार ठरतो.

आणखी एक समज दूर करतो. राष्ट्रीय वीज आराखड्यात भाराला वीज कमी पडण्याची शक्यता ०.२ टक्के, म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी साधारण साडेसतरा तास, एवढी स्वीकार्य धरली आहे. हे मोजमाप फक्त उत्पादनक्षमतेचं. तुमचा जंप (तारा जोडणारा तुकडा) तुटला, पहिल्या पावसात मीठ बसलेल्या इन्सुलेटरवरून ठिणगी गेली, ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोडने ट्रिप झाला, यातलं काहीही त्या साडेसतरा तासांत मोजलं जात नाही. ते मोजायला सैफी (ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा गेली) आणि सैडी (सरासरी किती वेळ गेली) हे विश्वासार्हता निर्देशांक आहेत, आणि त्यांची तरतूद आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता व कृतिमानक विनियमांत आहे.

पोफळीचा मुद्दा कृपा करून वगळा. कोयनेची वीज अतिउच्चदाबावर चढते आणि राज्याच्या जाळ्यात जाते. वीजघर दहा किलोमीटरवर असो की दोनशे, तुमच्या ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून सहा एमव्हीए जाणार नाहीत. सुनावणीत तो मुद्दा आला की समोरच्याला सोपं उत्तर मिळतं आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

---

ताळा_करून_बघा

वरच्याशी सहमत, पण २६० हा आकडा तसाच घेऊ नका. लॉगशीटमधला हा सगळ्यात फसवा आकडा आहे.

ट्रान्सफॉर्मर २६२ ला भरतो, तेव्हा ऑपरेटर त्याच्या पुढे जाऊच देत नाही. एक वाहिनी उघडतो, अर्ध्या-पाऊण तासाने ती चढवून दुसरी उघडतो. मग लॉगशीट दरवर्षी २५५-२६० च दाखवणार, गावात वीस नवीन होमस्टे झाले तरी. बघणारा म्हणतो, ‘पाच वर्षांत वाढ नाही, दुसरा ट्रान्सफॉर्मर कशाला?’ म्हणून वाहिनी उघडल्या-चढवल्याच्या वेळांची नोंद मागा. साडेसातला दोन वाहिन्यांवर मिळून २६० असेल आणि तिसरी बंद असेल, तिच्यावर बंद करण्याआधी ७० असेल, तर खरी मागणी ३३० अँपिअर, म्हणजे जवळजवळ ६.३ एमव्हीए. हरकतीत हा आकडा जायला हवा, आणि शेजारी ही बेरीज कशी केली तेही. मात्र वाहिनी चढवल्यानंतरचा पहिला आकडा घेऊ नका. सगळे फ्रीज, पंप, एसी एकदम सुरू होतात आणि तो फुगलेला असतो. अर्ध्या तासानंतरचा घ्या.

दुसरी चूक तारखांची. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरवर गेली. २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. महिन्यावार तक्ता करून सप्टेंबरशी सप्टेंबर ताडून पाहिलात तर २०२२ ते २०२३ अचानक उडी दिसते आणि २०२५ ला घट. खरं तर फक्त सण सरकलेला आहे. कोकणचा तक्ता करायचा तर चतुर्थी हा शून्य दिवस धरा आणि उणे तीन ते अधिक दहा अशी मांडणी करा. चाकरमानी चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी उतरतात, गौरी-गणपती विसर्जनानंतर बरेचसे परततात, त्यामुळे आलेखाचा आकार वर्षानुवर्षं तोच राहतो, फक्त उंची वाढते. ही वाढलेली उंची म्हणजेच तुमचा वाढीचा दर. बिलांवरून हे करू नका. रीडिंगची तारीख गावागणिक वेगळी असते, ऑगस्टचा वापर सप्टेंबरच्या बिलात येतो. वाहिनीवरचं मीटर तेवढं ग्राह्य.

तिसरी, आणि राज्याच्या तक्त्यातही सापडणारी चूक म्हणजे पायाभूत वर्ष. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि मंडणगड-दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत खांब आडवे झाले. त्याच वर्षी टाळेबंदी. मे २०२१ ला तौक्ते. जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर. या काळातला वापर कमी दिसतो तो मागणी नव्हती म्हणून नव्हे, तर पुरवठाच नव्हता म्हणून. समजा २०१९-२० ला १०० युनिट, २०२०-२१ ला ८०, २०२३-२४ ला १०६. २०२०-२१ पासून मोजलंत तर वार्षिक वाढ ९.८ टक्के. २०१९-२० पासून मोजलंत तर १.५ टक्के. हेच दर पुढे दहा वर्षं ओढा: एकीकडे २७० च्या आसपास, दुसरीकडे १२३. दोन्ही गणितं बिनचूक, फरक फक्त कुठून सुरुवात केली त्याचा. याचिकेतल्या प्रत्येक वर्गवारीसमोर ‘वाढीचा दर कोणत्या वर्षापासून काढला’ हे विचारा.

बंदराजवळच्या वाहिन्यांसाठी एक भर. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहांचा भार त्यात खाली येतो आणि १ ऑगस्टनंतर चढतो. चतुर्थी ऑगस्टअखेरीस आली की हा चढता भार आणि सणाचा भार एकमेकांवर बसतात. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बाजूच्या वाहिनीवर हा परिणाम आतल्या गावांपेक्षा जास्त दिसेल.

---

सडा_आणि_समुद्र

फार उपयोगी. वाहिनी उघडल्याच्या नोंदी वेगळ्या मागायला हव्यात हे लक्षातच आलं नव्हतं.

मग पोफळी आणि ‘राज्याच्या अंदाजात कोकण नाही’ हे दोन्ही काढून टाकते. पण राज्याच्या अंदाजाबद्दल गप्प बसावं का? आमच्याकडे बंदरं, औद्योगिक क्षेत्रं, मोठमोठे प्रकल्प येणार म्हणून सारखं सांगितलं जातं. त्यांचा भार आधीच धरून ठेवलेला बरा, असं काहींचं म्हणणं. अंदाज जास्त धरला तर ग्राहकाचं नुकसान नेमकं किती?

---

जुना_करार

गप्प बसू नका. जास्त धरलेल्या अंदाजाचं बिल कोण भरतं हे सगळ्या देशाने गुहागर तालुक्यातच पाहिलं आहे.

दाभोळ (एन्रॉन) प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ चा. त्याच वर्षी जागतिक बँकेने प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. राज्याच्या मागणीच्या मानाने क्षमता फार मोठी आणि आयात द्रवरूप गॅसवर पायाभूत भार (चोवीस तास लागणारी वीज) चालवणं महाग पडेल, हा आक्षेप होता. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, मे १९९९ मध्ये सुरू झाला. दुसरा १,४४४ चा. आणि राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला ५ ऑगस्ट १९९९ ला. म्हणजे एवढा मोठा करार ज्या मागणीच्या अंदाजावर उभा होता, तो जाहीर सुनावणी घेऊन तपासायला तेव्हा नियामक आयोगच नव्हता. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने करार मोडला, या प्रकल्पावरच्या गोडबोले समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. आज अंजनवेलला तोच प्रकल्प १,९६७ मेगावॅटचा म्हणून आहे आणि गॅसअभावी त्याची बरीच क्षमता वर्षानुवर्षं पडून राहिली.

यातली यंत्रणा समजून घ्या, कारण ती आजही तशीच आहे. वीजखरेदीच्या दराचे दोन भाग: क्षमता आकार आणि ऊर्जा आकार. संच उपलब्ध असल्याचं जाहीर केलं की क्षमता आकार द्यावाच लागतो, वीज उचला किंवा नका उचलू. उदाहरणादाखल १०० मेगावॅट जास्तीचा करार, उपलब्धता ८५ टक्के, क्षमता आकार युनिटला दीड रुपया धरा. वर्षाला ७४.४६ कोटी युनिट गुणिले दीड, म्हणजे जवळपास ११२ कोटी रुपये, एकही युनिट न वापरता. ते वितरण कंपनीच्या महसुली गरजेत (वर्षाच्या मान्य खर्चात) जातात आणि सगळ्या ग्राहकांच्या दरात पसरतात. कमी अंदाज धरला तर उलटं होतं: ऐन वेळी बाजारातून महाग वीज घ्यावी लागते आणि ते इंधन समायोजन आकारातून बिलात दिसतं. ते निदान दिसतं तरी. जास्तीचा करार पंचवीस वर्षं दिसत नाही.

म्हणून येऊ घातलेल्या प्रकल्पांबाबत एकच मागणी करा. प्रत्येक मोठा भार कोणत्या टप्प्यावर आहे ते वेगळं दाखवावं: नुसती घोषणा, जमीन ताब्यात, वीजजोडणीचा अर्ज, पैसे भरले, काम सुरू. पैसे भरलेले भार मूळ अंदाजात, अर्ज केलेले फक्त वरच्या पर्यायी अंदाजात, घोषणा कुठेच नाहीत. जैतापूरच्या सहा अणुभट्ट्या किती वर्षं कागदावर आहेत ते राजापूरकरांना सांगायला नको. उत्पादनाच्या बाबतीत जे घडतं ते मागणीच्या बाबतीतही घडतं. कोकण रेल्वेचं उदाहरण तपासणीसाठी चांगलं आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं. एवढा भार आला, पण रेल्वे तिची वीज स्वतः, मुक्त प्रवेशातून (वितरण कंपनीकडून न घेता थेट खरेदी करून) घेऊ शकते. तिथे तारेची क्षमता लागते, वितरण कंपनीने वीज विकत घेऊन ठेवायची गरज नसते. मोठ्या ग्राहकांतले किती जण असे बाहेर पडतील याचा हिशोब याचिकेत आहे का, हेही विचारा.

संध्याकाळचा मुद्दा सोडू नका. तुमची कमाल मागणी साडेसातची, तेव्हा सौर क्षमता शून्य. छतावरचे सौरसंच गावात वाढले तर वर्षाचे युनिट कमी होतील, पण साडेसातचा २६० तसाच राहील आणि लोड फॅक्टर आणखी घसरेल. नुसत्या युनिटवर केलेल्या अंदाजात हे दिसत नाही. तासानुसार केलेला अंदाज रिसोर्स अ‍ॅडिक्वसीच्या विनियमांनी मागितलेलाच आहे, तो प्रसिद्ध करायला सांगा. संध्याकाळी राज्याला हात देते ती कोयना. १,९६० मेगावॅट, त्यातला चौथा टप्पा एकटा १,००० चा. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याचीच मर्यादा आहे. मेगावॅट आहेत म्हणून तास मिळतीलच असं नाही. आराखड्यात कोयनेचे फक्त मेगावॅट मोजलेत की पाण्याचे तासही, हे बघा.

---

लोडफॅक्टर

उपकेंद्रापुरतं काय मागायचं ते लिहायचं राहिलं होतं.

दुसरा ५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर ही कायमची मागणी. लोड फॅक्टर ३५ टक्के असताना ‘खर्च वसूल होत नाही’ असं उत्तर येईल, तेव्हा युनिटवर वाद घालू नका. एकच ट्रान्सफॉर्मर असलेलं उपकेंद्र तो बिघडला की संपूर्ण अंधारात जातं. या मुद्द्यावर उभे राहा. सोबत ३३ केव्हीची येणारी तार दोन ट्रान्सफॉर्मर पेलेल का तेही विचारा. ५ एमव्हीएला ३३ केव्हीवर ८७ अँपिअर लागतात, दोन भरले तर पावणेदोनशे. तार तेवढी नसेल तर नवा ट्रान्सफॉर्मर शोभेला राहतो. अशी कामं भांडवली योजनांतून होतात, २०२१ ला सुरू झालेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून होतात, आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही होतात. तिन्हीकडे प्रस्ताव आहे का ते तपासा. अनेकदा एकीकडे आहे म्हणून दुसरीकडून गळतो आणि पहिल्याकडेही होत नाही.

तोपर्यंत दोन स्वस्त उपाय आहेत. शेजारच्या उपकेंद्राच्या वाहिनीशी ११ केव्हीचा जोड असेल तर चतुर्थीच्या आठ दिवस आधी तिकडच्या टोकाची गावं तिकडे वळवायची. ऐन संध्याकाळी नव्हे, कारण स्विच खारे आणि गंजलेले असतात आणि अंधारात पहिल्यांदा चालवायची ती वेळ नाही. दुसरा कपॅसिटर बँक. पॉवर फॅक्टर म्हणजे एमव्हीएपैकी किती भाग खरे मेगावॅट; कपॅसिटरने तो सुधारतो. ४.४ मेगावॅट भार ०.८५ पॉवर फॅक्टरवर असेल तर ५.१८ एमव्हीए होतो, म्हणजे ओव्हरलोड. ११ केव्ही बसवर १.६ एमव्हीएआर कपॅसिटर जोडले की पॉवर फॅक्टर ०.९७ वर जातो आणि तोच भार ४.५४ एमव्हीएत बसतो. मात्र जून-जुलैच्या ८० अँपिअरला तेवढे कपॅसिटर ठेवले तर दाब वर चढतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने काढता-घालता येणारे हवेत. आधी लॉगशीटमध्ये पॉवर फॅक्टर आहे का पाहा. तो आधीच ०.९५ असेल तर हा उपाय विसरा.

---

ताळा_करून_बघा

कागदांबद्दल. माहितीच्या अधिकारात उपविभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. हरकतीची मुदत त्याहून कमी असू शकते, त्यामुळे याचिका प्रसिद्ध व्हायची वाट न पाहता आत्ताच टाका. ‘सगळ्या नोंदी द्या’ असं लिहू नका. शेवटच्या चार वर्षांतले चतुर्थीच्या आधीचे ३ आणि नंतरचे १० दिवस, तसंच १५ ते ३१ मे, या दिवसांचे तासिक लॉगशीट, आणि त्याच दिवसांची वाहिन्या उघडल्या-चढवल्याच्या वेळांची नोंदवही, एवढंच मागा. नेमक्या तारखा लिहून दिल्या की ‘माहिती व्यापक आहे’ हे उत्तर देता येत नाही.

हरकत मराठीत चालते. एक प्रत आयोगाच्या सचिवांना, एक वितरण कंपनीला. प्रत्येक मुद्द्याआधी याचिकेचा परिच्छेद क्रमांक आणि तक्त्याचा क्रमांक. ज्या मुद्द्याला क्रमांक नसतो त्याला लेखी उत्तर ‘नोंद घेतली’ एवढंच येतं. पहिली मागणी अशी ठेवा: मागच्या नियंत्रण कालावधीत (आधीच्या याचिकेत ज्या वर्षांचे दर ठरले ती वर्षं) प्रत्येक वर्गवारीसाठी मांडलेला अंदाज आणि प्रत्यक्षातली विक्री शेजारी-शेजारी द्यावी. आपला जुना अंदाज किती चुकला हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा नवा अंदाज तपासायलाच हवा. सुनावणीत बोलायची इच्छा असल्याचं हरकतीतच स्पष्ट लिहा आणि त्या दिवशी तेरा-चौदा दिवसांचा एकच आलेख न्या, चार वर्षं चार रंगांत, २६२ अँपिअरवर आडवी रेघ मारलेली. तीन-चार मिनिटं मिळतात, त्यात तेवढंच दाखवून होतं.